हातातलं यान, कपाटावरचं यान

डेन्मार्कमधल्या बिलुंड गावी लेगो कंपनीचं मुख्यालय आहे. तिथल्या डिझायनरांनी एकाच अवकाशयानाचे दोन सेट दोन वर्षांच्या अंतराने बाजारात आणले. यान 'स्टार वॉर्स' चित्रपटांतलं, मिलेनियम फाल्कन नावाचं. अंग गोल आणि चपटं, पुढे दोन सुळे, चालकाची केबिन एका कडेला. २०१७ चा सेट ७,५४१ तुकड्यांचा आणि जोडून झाल्यावर ८४ सेंटिमीटर लांब. २०१९ चा १,३५१ तुकड्यांचा, लांबीला साधारण निम्मा.

दोन्ही शेजारी ठेवले, तर मोठा खरा आणि छोटा त्याची स्वस्त आवृत्ती असं वाटेल. तसं नाही. मोठं यान बघण्यासाठी आहे. त्याच्या पाठीवर पाइप, झडपा, जाळ्या, खाचा यांची इतकी दाट वीण आहे की चित्रपटातलं यान जवळून बघावं तसं ते दिसतं. आत बसायच्या जागाही आहेत, खाली उतरणारा उतारही आहे. पण ते उचलायचं तर दोन्ही हात खाली घालून, पोटातली चौकट चाचपून, जपून उचलावं लागतं. सुळ्यांना धरून उचललं तर सुळे हातात येतील. छोट्याची गोष्ट वेगळी. त्याच्या पाठीचे त्रिकोणी पत्रे बिजागऱ्यांवर बाहेरच्या बाजूला उघडतात, आणि आतलं घर एकदम समोर येतं: पटावरचा खेळ खेळायचं गोल टेबल, इंजिनाची खोली, तोफखान्याची खुर्ची. पत्रे मिटले की दहा वर्षांचं मूल एका हाताने ते यान धरून घरभर पळू शकतं. पाठ मात्र मोठ्याइतकी भरलेली नाही, आणि पत्रा नि पत्रा यांच्यामध्ये फटी दिसतात.

त्या फटींचीच गोष्ट मला सांगायची आहे. डिझायनरला त्या दिसत नसतात असं नाही. पत्रा उघडायचा असेल, तर त्याला फिरायला मोकळी जागा लागते, आणि ती जागा मिटलेल्या अवस्थेत फट म्हणून दिसणारच. फट बुजवली की पत्रा उघडत नाही.

उघडणारं दार, खटका दाबला की सुटणारा बाण, दोरी गुंडाळली की वर जाणारा पूल, तुरुंगाच्या भिंतीतला चोरदरवाजा, अशा हलत्या गोष्टींना आपण करामती म्हणू. करामत आणि रूप यांच्यात प्रत्येक सेटमध्ये ओढाताण चालते. वरवर ती आवडीनिवडीची वाटते, कुणाला देखणेपणा हवा, कुणाला खेळ. माझ्या मते मूळ भांडण जागेचं आहे.

साच्यातून काढलेली खेळण्यातली मोटार घ्या. तिची कातडी एक-दोन मिलिमीटर जाडीची, आतलं सगळं पोट रिकामं. स्प्रिंग घाला, बॅटरी घाला, जागा पडलेली असते. विटांच्या मोटारीत कातडीच विटांची. लेगोच्या विटेवर दोन उंचवट्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर असतं, म्हणजे साध्या विटेची भिंत निदान ८ मिलिमीटर जाड. लेगोचा छोटा माणूस, ज्याला सगळे मिनिफिगर म्हणतात, जेमतेम ४ सेंटिमीटर उंच. त्याला साडेपाच फुटी माणूस मानलं, तर मोटारीची ती भिंत त्याच्या जगात फूटभराहून जाड झाली. अशा जाड कातडीच्या आत चालक बसवायचा, सुकाणू फिरवायचं, दार उघडायचं. पोटातलं एकेक घर मोजून घ्यावं लागतं.

रूप सुधारायला गेलं की ही जागा आणखी कमी होते. विटेची उंची ९.६ मिलिमीटर, पातळ पाटीची त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२. आता पाच पाट्या एकावर एक रचा: १६ मिलिमीटर. आणि दोन उंचवट्यांची रुंदीही १६ मिलिमीटर. या जुळणीमुळे विटा आडव्या, उलट्या, कुशीवर लावूनही पुन्हा मापात बसतात. जुन्या सेटमध्ये सगळे उंचवटे वर तोंड करून असत आणि उतार पायऱ्यांसारखे दिसत. आजच्या सेटमधले गुळगुळीत गोलवे आणि बारीक रेषा निघतात त्या या कुशीवर वळवलेल्या विटांमधून. पण विटेला कूस बदलायला लावणारे कोन आणि कंस आत बसवावे लागतात. जे पोट करामतीला मिळालं असतं, ते या हाडांनी भरतं. एखादी देखणी मोटार उचलल्यावर दगडासारखी भरीव लागते, त्याचं कारण हेच.

या दोन टोकांचा इतिहास जुना आहे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या खेळण्याचं पेटंट घेतलं. तेच पुढे मेकॅनो झालं. मेकॅनोची क्रेन म्हणजे निव्वळ सांगाडा. दोरी, कप्पी, दांडी, चाक, सगळं उघडं. कातडी नाहीच, त्यामुळे रूपाचा प्रश्नही नाही. पण क्रेन कशी चालते हे मुलाला एका नजरेत कळे. लेगो निघालं उलट टोकावरून. ओले कर्क क्रिस्तियानसेन हे बिलुंडचे सुतार. त्यांनी १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली आणि १९४९ मध्ये कंपनीने प्लॅस्टिकच्या पोकळ विटा काढल्या. त्या विटांची घरं झाली, चर्च झाली, रस्त्याकडेच्या टपऱ्या झाल्या. म्हणजे कातडी झाली, हलणारं काही नाही. १९५८ मध्ये विटेच्या पोटात नळ्या आल्या आणि पकड घट्ट झाली. त्या पकडीशिवाय पुढचं काहीच शक्य नव्हतं, कारण हलणारा भाग सर्वांत आधी ताण देतो तो जोडाला. १९६२ मध्ये चाक आलं, १९७० मध्ये दातेरी चाकं. चाक येईपर्यंत लेगोच्या गावात विटांच्या गाड्या उभ्याच होत्या असं म्हणायला हरकत नाही.

१९७८ हे वर्ष या गोष्टीत फार महत्त्वाचं. येन्स न्यूगोर क्नुडसेन या डिझायनरच्या हाताखाली घडलेला मिनिफिगर त्या वर्षी आला. त्याच्या तीन वर्षं आधी एक मूक पूर्वज होता, हातपाय न हलणारा, चेहरा कोरा. नव्या माणसाचे पाय वेगवेगळे हलत, मनगट फिरे, मुठीत तलवार बसे, आणि चेहऱ्यावर दोन ठिपके नि एक हसू. त्या चेहऱ्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तो राजा होऊ शकतो, चोर होऊ शकतो, दुपारी मेलेला सैनिक संध्याकाळी पाव विकू शकतो. १९८९ मध्ये समुद्री चाच्यांचे सेट आले आणि चेहऱ्यांवर डोळ्याची पट्टी, मिश्या, खुरटी दाढी उमटली. तेव्हा माणसं अधिक देखणी झाली, पण एका माणसाला एकच स्वभाव चिकटला.

त्याच १९७८ मध्ये पिवळ्या विटांचा एक किल्ला निघाला. ७६७ तुकडे, १४ सैनिक. किल्ला पिवळा असल्याने तो जराही खरा दिसत नाही, भिंती सरळसोट, बुरूज चौकोनी. पण त्याच्या भिंती बिजागऱ्यांवर बसवल्या होत्या. बाहेरून तो बंदिस्त किल्ला, आणि मागून फाकवला की अंगण उघडं पडतं, दोन्ही हात आत जातात. वाट्याला आलेली जागा वाया न घालवता एकाच जोडाने किल्ल्याला रूप आणि खेळ दोन्ही दिलं. कुठली भिंत फुटून बाहेर जावी आणि कुठली जागी राहावी, हे ठरवणाऱ्याला मूल किल्ल्याच्या कुठल्या बाजूला बसणार हे नीट ठाऊक होतं. २०२२ मध्ये सिंह-शूरांचा किल्ला आला, ४,५१४ तुकड्यांचा, २२ माणसांचा. त्यात पाणचक्की फिरते, दाराची लोखंडी जाळी उतरते, दगडी भिंतींवर वेली चढल्या आहेत. तरी किल्ला दोन अर्धांत उघडायची जुनी युक्ती कायम आहे. ४४ वर्षांत बिजागरीला पर्याय सापडला नाही.

मिनिफिगरने करामतींना जीव दिला, तसा रूपापुढे एक कायमचा पेचही टाकला. तो उंचीच्या मानाने फार रुंद आहे. आपल्याकडे दिवाळीत किल्ला करणाऱ्या घरांना हा पेच ओळखीचा वाटेल: बाजारातून आणलेला मावळा महादरवाजापेक्षा उंच निघतो आणि सिंहासनावरचे महाराज बालेकिल्ल्याला झाकून टाकतात. तिथे मूल मापाशी तडजोड करतं आणि खेळ पुढे जातो. लेगोत ती तडजोड डिझायनरला करावी लागते. हिशेब करून बघू. मिनिफिगरच्या उंचीवरून माप काढलं तर १.८ मीटर रुंदीची खरी मोटार साधारण ४३ मिलिमीटरची होईल, म्हणजे पाच उंचवट्यांची. पण त्याच्या खांद्यांची रुंदी हातांसकट सुमारे तीन उंचवट्यांची आहे. दोघे शेजारी बसवायचे तर सहा, दोन बाजूंच्या भिंती धरून आठ. म्हणजे मापात राहिलं तर दोघे बसत नाहीत, आणि दोघे बसवले तर मोटार फुगते.

या पेचाचं फार स्वच्छ उदाहरण म्हणजे लेगोच्या शर्यतीच्या मोटारी, स्पीड चॅम्पियन्स. २०१५ मध्ये ही मालिका सुरू झाली तेव्हा मोटार सहा उंचवटे रुंद होती आणि चालक एकटाच, मधोमध बसायचा. फेरारीचा चालक मधोमध बसलेला बघून कुठल्याही मोटारवेड्या मुलाला खटकलं असणार. २०२० मध्ये रुंदी आठवर नेली. दोघे शेजारी बसू लागले, आणि वर दिवे, जाळ्या, बॉनेटचे गोलवे यांना जागाही मिळाली. इथे रूप आणि खेळ दोघांनाही फायदा झाला, कारण दोघांना एकच गोष्ट कमी पडत होती. किंमत मोजली ती जुन्या गावांनी. आठ उंचवट्यांची मोटार जुन्या लेगो रस्त्यावर रणगाड्यासारखी दिसते आणि सहाच्या मोटारींशेजारी तिची जोडी जमत नाही.

२०१२ मध्ये मुलींना डोळ्यांपुढे ठेवून फ्रेंड्स ही मालिका आली. तिच्यासाठी वेगळ्या बाहुल्या घडवल्या: सडपातळ, उंच, चेहरे रेखीव, केस वाऱ्यावर. दिसायला त्या मिनिफिगरपेक्षा माणसाच्या कितीतरी जवळ आहेत. पण त्यांचे दोन्ही पाय एकत्र हलतात आणि मनगट फिरत नाही. चालण्याचं नाटक करता येत नाही, हातातली वस्तू तिरकी धरता येत नाही. सडपातळ पायांत दोन स्वतंत्र सांधे बसवणं अवघड, हे मला समजतं. तरी मला हा सौदा तोट्याचा वाटतो. एका मुलीच्या हातात जी बाहुली गोष्ट खेळणार आहे, तिला फिरणारं मनगट रेखीव चेहऱ्यापेक्षा अधिक उपयोगी पडतं.

आता टेक्निक मालिकेकडे वळतो, कारण तिथे हा वाद सगळ्यांत तीव्र आहे. टेक्निकचा हेतूच यंत्र दाखवण्याचा. १९७७ मध्ये आलेल्या पहिल्या मोठ्या सेटांपैकी एक म्हणजे मोटारीचा निव्वळ सांगाडा. सुकाणू फिरवलं की पुढची चाकं वळत, गाडी ढकलली की इंजिनातले दट्टे वरखाली होत, गिअर बदलता येत. मोटार म्हणून ती कुरूपच म्हणावी लागेल. पण सुकाणूची दांडी कुठल्या दातेरी पट्टीला सरकवते आणि ती पट्टी चाकाला कशी वळवते, हे बघायला कुठलंही झाकण काढावं लागत नसे. १९९४ ची सुपर कार या वळणाचा कळस म्हणता येईल. १,३४३ तुकडे, आठ दट्ट्यांचं इंजिन, चार गिअर, चारही चाकांना शक्ती, चारही चाकं वळणारी, चारही चाकांना सस्पेन्शन. अंगावर काळ्या पट्ट्यांनी आखलेली आकृती तेवढी. पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागांतून बोट आत जाईल अशी. बघणाऱ्याचा डोळा बाह्यरेषा पुरी करतो आणि त्याच वेळी आतलं इंजिन बघतो.

२०१६ ची पोर्शे २,७०४ तुकड्यांची, २०१८ ची बुगाटी शिरॉन ३,५९९ तुकड्यांची. दोन्ही मोटारी डोळ्यांचं पारणं फेडतात. बुगाटीचा निळा-निळा गोलवा तर अशा सरळसोट भागांतून कसा काढला असेल याचंच नवल वाटतं. तिच्या पोटात आठ गिअरची पेटी आहे आणि सुकाणूमागच्या छोट्या पट्टीने गिअर बदलतात. हे सगळं जोडताना दिसतं. मग वरून पत्रे बसतात आणि ते पुन्हा दिसत नाही. गिअर बदलला तर 'टक्' असा आवाज येतो, दट्टे थोडे हळू किंवा जलद हलतात, त्यापलीकडे काही कळत नाही. ज्याने पेटी जोडली त्याला समाधान मिळतं. ज्याने ती जोडलेली नाही, म्हणजे घरातलं धाकटं भावंड किंवा पाहुणा, त्याच्यासाठी ती पेटी नसल्यासारखीच. खऱ्या मोटारीचीही गिअरपेटी दिसत नाही, असं यावर म्हणता येईल. पण खरी मोटार यंत्र शिकवायला विकत घेत नाहीत. टेक्निकचं नाव लावलेल्या सेटने निदान एक झाकण उघडं ठेवावं, मागचं किंवा खालचं, जिथून मुलाला बोट घालून दातेरी चाक फिरवता येईल, असं मला ठामपणे वाटतं.

या ओढाताणीत तिसरी बाजू आहे, आणि तिचा विसर पडला तेव्हा कंपनीची धूळधाण व्हायची वेळ आली होती. ती बाजू म्हणजे जोडणी. विटांच्या खेळातला निम्मा खेळ जोडण्यातच असतो. २००१ मध्ये जॅक स्टोन नावाचा नायक आला. मिनिफिगरपेक्षा मोठा, अंगाने भारदस्त, आणि त्याच्या गाड्या मोठाल्या तयार भागांच्या. दोन-चार तुकडे लावले की अग्निशमन गाडी तयार. मूल लवकर खेळायला लागेल हा हेतू चांगलाच होता. पण अशी गाडी साच्यातल्या तयार गाडीइतकी देखणी होत नाही आणि विटांच्या गाडीसारखी मोडून वेगळी बनवताही येत नाही. त्या काळात प्रत्येक सेटसाठी खास तुकडे बनत गेले. तुकड्यांच्या जाती १२ हजारांच्या वर गेल्या आणि २००३-०४ मध्ये कंपनी मोठ्या तोट्यात बुडाली. २००४ मध्ये यॉर्गन विग क्नुडस्टॉर्प प्रमुख झाले. त्यांच्या काळात तुकड्यांच्या जाती जवळपास निम्म्यावर आणल्या गेल्या. एरवी असं बंधन कलेच्या मुळावर येतं असं वाटेल. झालं उलटं. नवा साचा सहज मागायची सोय उरली नाही, म्हणून डिझायनर हाताशी असलेल्या तुकड्यांकडे नव्याने बघू लागले. २०२१ च्या बोन्सायच्या झाडावरचा बहर बारकाईने बघितला, तर ती फुलं नाहीत, गुलाबी रंगातले छोटे बेडूक आहेत.

स्टिकरांबद्दल इथेच लिहितो, कारण तोही जोडणीचा प्रश्न आहे. रूप स्वस्तात वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे स्टिकर. जुन्या सेटमध्ये एकच स्टिकर दोन-तीन विटांवर मिळून चिकटवायला सांगत. एकदा चिकटला की त्या विटा जन्माच्या जोडलेल्या. भिंत मोडून जहाज करायचं तर स्टिकर फाडायचा, नाहीतर भिंतच राहू द्यायची. चित्र थेट विटेवर छापलं तर ही अडचण येत नाही, पण छापलेली वीट महाग पडते.

रूप पूर्ण जिंकलं असेही सेट आहेत, आणि त्यांना मी कमी लेखत नाही. २००७ मध्ये जेमी बेरार्ड यांचं कॅफे कॉर्नर आलं, २,०५६ तुकड्यांचं, कोपऱ्यावरचं तीन मजली हॉटेल. बाहेरून इतकं रेखीव की त्याने एका अख्ख्या मालिकेचा पाया घातला. आत मात्र खोल्या रिकाम्या. पुढच्या वर्षांतल्या इमारतींत हळूहळू टेबलं, जिने, न्हाणीघरं, पियानो येत गेले. लोकांनी रिकाम्या खोल्यांत स्वतः सामान लावायला सुरुवात केली होती, आणि घर म्हटलं की आत काय आहे हे बघावंसं वाटतंच. या इमारतींत खटके आणि स्प्रिंग जवळजवळ नाहीतच. मुख्य करामत एकच: प्रत्येक मजला उचलून बाजूला ठेवता येतो. त्यासाठी मजल्याच्या कडेला बहुतेक गुळगुळीत पाट्या आणि मोजकेच उंचवटे ठेवतात, म्हणजे मजला जागेवर बसतो पण घट्ट चिकटत नाही. पकड मुद्दाम ढिली ठेवणं हीसुद्धा रचनेतली कला आहे.

२००८ मध्ये ५,९२२ तुकड्यांचा ताजमहाल निघाला आणि आदल्या वर्षीच्या ५,१९५ तुकड्यांच्या फाल्कनला मागे टाकून लेगोचा तोवरचा सर्वांत मोठा सेट ठरला. सव्वा फुटाहून उंच, पांढरा शुभ्र, चार मिनार, आणि एकही मिनिफिगर नाही. ताजमहालात करामत काय असणार? चारही बाजूंनी सारखं दिसणं हीच त्या इमारतीची थोरवी. एक दार उघडं ठेवायला, एक बाजू बिजागरीवर फाकवायला गेलं की ती बिघडली. इथे डिझायनरने खेळ सोडून दिला हा निर्णय मला पूर्ण बरोबर वाटतो. २०२१ मध्ये वास्तुकलेच्या मालिकेत २,०२२ तुकड्यांचा छोटा ताजमहाल आला. त्याच्या पोटात तळघर आहे आणि तिथे शाहजहान आणि मुमताज यांची थडगी. वास्तू उभी राहिली की ती दिसत नाहीत. टेक्निकच्या झाकलेल्या गिअरपेटीला मी नावं ठेवली आणि झाकलेल्या थडग्यांना ठेवत नाही, याला कारण आहे. पेटी हलवण्यासाठी बनवली होती. थडग्यांचं काम फक्त तिथे असण्याचं, आणि ते ती करतात.

२०२० पासून प्रौढांसाठीच्या सेटवर १८+ असं छापून त्यांची खोकी काळी केली गेली. कपाटावरचा सेट ही आता राजरोस वेगळी जात झाली. मला यात एकच धोका दिसतो. मुलांच्या सेटमध्येही कपाटाचे निकष शिरतात. खोक्यावरच्या फोटोत गाडी देखणी दिसावी म्हणून सगळं लक्ष कातडीकडे जातं, आणि शेवटी खेळाची बाजू भरायला एक स्प्रिंगचा बाण कुठेतरी चिकटवून दिला जातो. बाण उडतो, सोफ्याखाली जातो, हरवतो. त्या बाणाचा गाडीच्या गोष्टीशी काही संबंध नसतो. करामत मोजण्यासाठी मी एक साधी कसोटी वापरतो: ती काढून टाकली तर मुलाची गोष्ट बदलेल का? किल्ल्याचा उचलता पूल काढला तर वेढाच पडत नाही. चिकटवलेला बाण काढला तर काहीच बिघडत नाही.

लहान सेटमध्ये ही कसोटी सर्वांत चांगली उतरते, कारण तिथे उधळायला काही नसतं. २०१७ चा १७४ तुकड्यांचा डायनासोर घ्या. त्याच तुकड्यांतून टी-रेक्स होतो, ट्रायसेराटॉप्स होतो, उडणारा टेरोडॅक्टिल होतो. मांड्या, टाचा, जबडा, शेपटी, सगळीकडे सांधे, आणि सांधा लपवायला १७४ तुकड्यांत जागा नाही. म्हणून डिझायनरने सांधे अशा ठिकाणी ठेवले जिथे जनावराला खरोखरच सांधे असतात. टाचेपाशी दिसणारा गोळा टाचेसारखाच वाटतो. टी-रेक्सला वेगवेगळ्या पवित्र्यांत उभं करता येतं. फाल्कनच्या पाठीवरच्या फटी तेवढ्या भाग्यवान नव्हत्या. तिथे पत्रे उघडतात हे चित्रपटातल्या यानाला ठाऊकच नव्हतं.

२०२२ मध्ये कंपनीला ९० वर्षं झाली, तेव्हा १९७९ चं गॅलेक्सी एक्स्प्लोरर नव्याने काढायचं ठरलं. जुनं यान ३३८ तुकड्यांचं: निळं-करडं, पिवळ्या पारदर्शक काचांचं, मागच्या दारातून छोटी गाडी बाहेर काढायची सोय असलेलं. काम माइक सियाकी या डिझायनरकडे आलं. तेच माप ठेवून तपशील वाढवायचे, हा उघड मार्ग होता. त्यांनी यानच साधारण दीडपट केलं. विचार असा की जुना सेट ज्यांनी खेळला ते आता मोठे झाले आहेत, त्यांचे हातही मोठे झाले आहेत. लहानपणी ते यान हातात जेवढं भव्य वाटायचं, तेवढंच भव्य आज वाटायचं तर त्याने वाढायला हवं. वाढलेल्या पोटात मग जागा मिळाली. जुन्या यानाला आत ओढता येणारे पाय नव्हते, नव्याचे पाय घडी होऊन पोटात जातात. मागचं दार आहे, छोटी गाडी आहे, काचा पिवळ्याच आहेत. १,२५४ तुकडे झाले, आणि त्यांतून त्या काळची आणखी दोन लहान यानं जोडायच्या कृतीही दिल्या आहेत.  खोक्यावर १८+ छापलेलं आहे, तरी हे यान बनवलं आहे ते उडवण्यासाठी.